उतरणं दिसलं पाहिजे

पहाटे पावणेपाच

डिसेंबरात आमच्या झाडीपट्टीत या वेळेला बांध्यांवर धुकं बसलेलं असतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर, नहराच्या रस्त्यावर, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी जमतात. मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८००. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. दिवसा मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. पहाटेचा वर्ग गावासाठी.

धावणं झालं की मी सगळ्यांना रस्त्याखाली उतरवतो. धान कापून झालेलं आहे, बांध्या मोकळ्या आहेत. एका बांधीतून दुसरीत जायचं, मधला धुरा उडीने ओलांडायचा आणि पलीकडे चवड्यांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायचं. "भरतीत उडी कुठे आहे जी?" हा नव्या पोराचा ठरलेला प्रश्न. भरतीत नाही, पण पुढच्या तीस वर्षांच्या नोकरीत आहे. चोर भिंतीवरून उडी टाकून पळाला, तर मागे जाणाऱ्याचा गुडघा शाबूत राहायला हवा.

घाम वाळेपर्यंत या व्यायामाची गोष्ट सांगतो. १९०२ साली मार्टिनिक बेटावर पेले ज्वालामुखी फुटला आणि सेंट पिएर शहर बेचिराख झालं. तिथल्या मदतकार्यात जॉर्ज एबेर नावाचा फ्रेंच नौदल अधिकारी होता. माणसाची ताकद अडचणीत कामाला आली पाहिजे, या विचारावर त्याने पुढे आपली पद्धत बांधली. धावणं, चढणं, उडी मारणं, तोल सांभाळणं, ओझं उचलणं, पोहणं हे सगळं तिच्यात आलं. फ्रेंच सैन्याच्या अडथळा-प्रशिक्षणावर तिची छाप पडली. त्या शिक्षणात तयार झालेला रेमाँ बेल पॅरिसच्या अग्निशमन दलात जवान होता. त्याचा मुलगा दाविद याने लिस या उपनगरात मित्रांना घेऊन भिंती, जिने आणि छतं पालथी घातली आणि पार्कूर उभं राहिलं. दाविदचा भर अडथळा पार करून लवकरात लवकर पोचण्यावर. त्याच्याच सोबत्याने, सेबास्टियाँ फुकाँने, त्यात स्वतःची अदा आणली. तिला फ्रीरनिंग म्हणतात.

आमच्या पोरांपर्यंत हे आलं ते टायगर श्रॉफच्या 'हिरोपंती' आणि 'बागी'मधून. मला त्याचं वाईट वाटत नाही. सिनेमामुळे पोरगं उडीकडे वळतं, ही मोठीच गोष्ट आहे. पुढचं काम माझं.

सकाळी सात

चहा होतो तोच नाटक मंडळाच्या अध्यक्षांचा फोन येतो. आज त्यांच्या गावात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत आहे आणि रात्री नाटक. "सर, मंचावरची माडी बांधून झाली, एकदा येऊन पाहा जी."

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते तेव्हापासून होळीच्या सुमारापर्यंत गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत रात्री नाटकांच्या असतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे या रंगभूमीचं ठाणं. तिथल्या कंपन्या गावोगाव जातात. या रंगभूमीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा चारही जिल्ह्यांना आपलाच सत्कार झाल्यासारखं वाटलं. काही गावांत अजून गावातलीच पोरं उभी राहतात. नट्या, वादक, पडदे आणि मंच तेवढे वडशाहून येतात. आजचं नाटक त्यातलं आहे.

माझ्याकडे तिसऱ्या अंकातला पाठलाग आहे. सावकाराची माणसं नायकाच्या मागे लागतात, तो माडीवर चढतो, तिथून खाली उडी घेतो, विहिरीचा कठडा ओलांडतो आणि प्रेक्षकांच्या बाजूने निघून जातो. मिनिटभराचा प्रसंग आहे, पण दिवाळीपासून त्यावर काम चाललंय.

सकाळी साडेदहा

प्रार्थना झाली की आठवीचा तास. पोरांच्या बोटांत 'सबवे सर्फर्स' असतो. डेन्मार्कच्या कंपन्यांनी २०१२ साली काढलेला हा खेळ. त्यातलं पोरगं रुळांवरून पळतं, डब्यांच्या टपावर चढतं, एका गाडीवरून दुसरीवर उडी घेतं. आमच्या तालुक्यातून गोंदिया-बल्लारशाह मार्ग जातो, त्यामुळे हा खेळ घेऊन मला स्पष्टच बोलावं लागतं. रेल्वेवरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तारेला हात लागावाच लागतो असं नाही, फार जवळ गेलं तरी वीज उडी घेते. पडद्यावरचं पोरगं आपटलं की खेळ पुन्हा सुरू होतो. टपावरच्या पोराला दुसरा डाव मिळत नाही.

एवढं सांगितल्यावर गाद्या अंथरतो, कारण नुसतं 'करू नका' म्हणून पोरं थांबत नाहीत. आज तिरपी लोळण. कोलांटउडीत पाठीचा कणा सरळ जमिनीवर येतो. गादीवर ते चालतं, फरशीवर मणके सोलून निघतात. म्हणून लोळण उजव्या खांद्याच्या मागच्या बाजूने सुरू करायची, पाठीवरून तिरपी न्यायची आणि डाव्या कमरेवर संपवायची. हनुवटी छातीकडे, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही. आधी बसून, मग उभं राहून, मग एका विटेवरून. विटेवरून आवाज न होता जमलं तरच दुसरी वीट.

वर्गात सगळ्यांत हलकं उतरते ती एक पोरगी. पोरं तिच्याकडे पाहतात तेव्हा मी जुन्या सिनेमातल्या नादिया या नटीची गोष्ट सांगतो. १९३५ साली वाडिया मूव्हीटोनच्या 'हंटरवाली'त ती चाबूक घेऊन आली, आणि पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये आगगाडीच्या टपावर हाणामारी केली. आपल्या सिनेमात टपावरून धावणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या नायकांत एक बाई होती. पोरींनी हे ऐकलं पाहिजे आणि पोरांनीही. लगेच हेही सांगतो की ते चित्रीकरण होतं, गाडी आणि माणसं ठरवून आणलेली होती.

दुपारी साडेबारा

विज्ञानाच्या मॅडमनी मला दहावीच्या वर्गात बोलावलं आहे. पुस्तकातला गुरुत्वाकर्षणाचा धडा झालाय, आता उजळणी. आम्ही दोघांनी मिळून या तासाचं गणित नाटकावरूनच काढलं.

मॅडमनी फळ्यावर माडी काढली. उंची दोन मीटर. तिथून पाय सोडला की जमिनीला टेकताना वेग सेकंदाला सव्वासहा मीटर, म्हणजे ताशी साडेबावीस किलोमीटर. पुढचं मी बोललो. हा वेग कुठे ना कुठे शून्य व्हायचाच आहे, प्रश्न फक्त किती अंतरात. पाय ताठ ठेवून पाच सेंटिमीटरांत थांबलात, तर शरीरावर वजनाच्या सुमारे चाळीसपट जोर येतो. चवडे, घोटे, गुडघे, कंबर असं सगळं वाकवत अर्ध्या मीटरात थांबलात, तर तोच जोर चार-पाच पटींवर येतो. पुढे जाण्याचा वेग उरला असेल, तर तो लोळणीत खर्च होतो.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग तणसावर उडी मारली तर?" मला तो हवाच होता. 'असॅसिन्स क्रीड' या २००७ साली आलेल्या खेळात नायक उंच बुरुजाच्या टोकावर उभा राहतो, हात पसरून खाली झेपावतो आणि गवताच्या गाडीत पाठीवर पडतो. मग कपडे झटकून चालू लागतो. आमच्याकडे डिसेंबरात प्रत्येक खळ्यावर तणसाचा ढीग असतो. पोरांना तो बुरूज दिसायला वेळ लागत नाही.

मॅडमनी बुरूज तीस मीटरचा धरला. वेग ताशी सत्त्याऐंशी किलोमीटर. गाडीतलं गवत मीटरभर. म्हणजे ते गवत पुरेपूर दबलं, तरी शरीरावर वजनाच्या तीसपट जोर. खरं तर मोकळं गवत तेवढंही अडवत नाही. ते बाजूला सरतं आणि माणूस तळाच्या फळीवर जातो. याच खेळावर २०१६ साली सिनेमा आला तेव्हा डेमियन वॉल्टर्स या स्टंटमनने १२५ फुटांवरून ही उडी खरोखर घेतली, पण खाली प्रचंड हवेची गादी होती. पडद्यावर ती गादी दिसत नाही. वर्गात ती दिसली पाहिजे, म्हणून मी तिचं चित्र फळ्यावर काढलं. शिवाय आमच्या तणसाखाली टणक जमीन असते, उंदीर असतात, उंदरांमागे आलेला साप असतो. वर ते जनावरांचं वर्षाचं खाणं आहे. तुडवलेलं तणीस जनावर तोंडाला लावत नाही.

'मिरर्स एज' या २००८ सालच्या खेळाचं मात्र मी कौतुक केलं. त्यात उंचावरून पडताना बरोबर क्षणी बटण दाबलं तर नायिका लोळण घेते आणि वाचते, चुकलं तर मार बसतो. खेळ बनवणाऱ्यांनी उतरण्याला किंमत दिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

संध्याकाळी साडेपाच

शाळा सुटली की मोटरसायकलवर मॅट बांधून निघतो. गाव इटियाडोहच्या नहराजवळ आहे. शंकरपट नुकताच संपलाय, बैलजोड्या परत निघाल्या आहेत, भोंग्याची गाडी रात्रीच्या नाटकाची जाहिरात करत फिरते आहे. कनाती लागल्या, समोर बिछायत, मागे खुर्च्या.

मी आधी मंचाच्या खाली शिरतो. विजेरी घेऊन एकेक टेकू पाहतो आणि वर येऊन अनवाणी पायाने फळ्या चाचपतो. नायक जिथे उतरणार तिथली एक फळी दाबल्यावर बोटभर खाली जात होती आणि तिचा खिळा डोकं वर काढून होता. दिवसभर उन्हात लाकूड सुकलं की असं होतं. मंचवाल्या काकांनी खाली नवा टेकू दिला, खिळा काढला, फळी उलटी करून दोन्ही टोकांना पुन्हा ठोकली. मग मी तीवर खडूने दोन पावलं काढली. त्या खुणेच्या पुढे लोळणीच्या जागेत एकही वायर, एकही माइकचा पाय असणार नाही, हे वादकांशी बोलून घेतलं. माडीच्या कडेला पायाला पकड मिळावी म्हणून सुतळी गुंडाळली. गुळगुळीत रंगवलेल्या कडेवरून पाय सटकतो आणि उडी सुरू होण्याआधीच संपते.

रात्री आठ

तालीम. नायकाचं काम करणारा पोरगा माझाच जुना विद्यार्थी. शेती करतो आणि भरतीही देतो. त्याचं म्हणणं, "सर, माडीवरून बॅकफ्लिप मारतो ना जी, लोकं शिट्ट्या मारतील." मी नाही म्हणालो, आणि कारण सांगायला जॅकी चॅनकडे गेलो.

'प्रोजेक्ट ए'मध्ये, १९८३ साली, जॅकी चॅन घड्याळाच्या मनोऱ्यावरून सुटतो, दोन कापडी छपरं फाडत खाली येतो. त्याच्या सिनेमाच्या शेवटी नावं सरकत असताना फसलेली चित्रणंही दिसतात. आपटणं, रक्त, स्ट्रेचर, सगळं. १९८६ सालच्या 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी युगोस्लाव्हियात झाडावरची उडी चुकली आणि त्याच्या डोक्याची शस्त्रक्रिया करावी लागली. तेही त्याने लपवलं नाही. टॉम क्रूझचा 'मिशन इम्पॉसिबल : फॉलआउट' घ्या. २०१७ साली लंडनमध्ये एका इमारतीवरून दुसरीवर उडी घेताना त्याचा घोटा मोडला. तोच घोटा मोडलेला शॉट सिनेमात ठेवलाय. हे लोक जगातली सगळ्यांत मोठी तयारी घेऊन उभे असतात. आपल्याकडे शाळेची एक मॅट आहे आणि जवळचा मोठा दवाखाना रात्री बराच लांब आहे.

पोरगा ऐकून घेतो. मग मी त्याला बॅकफ्लिपपेक्षा चांगली गोष्ट देतो. 'कसिनो रॉयल'मध्ये, २००६ साली, जेम्स बाँड ज्याच्या मागे धावतो तो माणूस म्हणजे पार्कूरवाला सेबास्टियाँ फुकाँ. अर्धवट बांधलेल्या इमारतीत फुकाँ भिंतीच्या वरच्या अरुंद फटीतून अलगद निसटतो आणि बाँड तीच भिंत अंगाने फोडून येतो. एकही वाक्य नसताना दोन माणसं कळतात. आपण तेच करायचं. हे गाव नायकाचं आहे, त्याला पायरी न पायरी ठाऊक आहे, म्हणून तो कशालाही धक्का न लावता जाईल. सावकाराची माणसं बाहेरची आहेत. ती मडकी फोडतील, दोरीत अडकतील, आणि विहिरीपाशी येईपर्यंत दमून वाकतील. अनुराग कश्यपच्या 'ब्लॅक फ्रायडे'त मुंबईच्या झोपडपट्टीतला पोलिसांचा लांबलचक पाठलाग आहे. त्यात पळणारा दमतो, पकडणारेही दमतात, आणि तो धापांचा आवाजच प्रसंग उभा करतो. आपल्या गुंडांनी माइकजवळ धापा टाकायच्या.

ऑक्टोपॅडवाल्याला एक विनंती केली. पाठलागभर वाजवा, पण पोराचे पाय माडीवरून सुटले की हात उचला. उतरणं कोरडं जाऊ द्या.

त्याला वाटलं, मी प्रसंगाचा जीव काढून घेतोय. पण मी हे अमरावतीला शिकलो. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर मी मल्लखांब केला. याच मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. मल्लखांबावर पकड कितीही अवघड असो, खांब सोडून दोन्ही पायांवर स्थिर उभं राहिल्याशिवाय ती पुरी झाली असं कुणी मानत नाही. सिनेमात या दोन गोष्टींच्या मध्ये कात्री येते. उडी एका शॉटमध्ये, उतरणं दुसऱ्या शॉटमध्ये, कधी दुसऱ्याच माणसाने घेतलेलं. झाडीपट्टीच्या मंचावर कात्री नाही. तिथे जो उडतो तोच उतरतो, आणि पुढच्या बिछायतीवरच्या पोराला त्याचे घोटे दिसतात.

रात्री सव्वाएक

नाटक साडेदहाला सुरू झालं. बिछायतीवर चादरी पांघरून आयाबाया, त्यांच्या मांडीवर पोरं. प्रॉम्प्टर विंगेत, मी त्याच्या मागे.

तिसरा अंक. नायक विंगेतून धावत आला, हात न लावता चार पायऱ्या चढला, माडीवर क्षणभर मागे पाहिलं. गुंड खाली पोचले, पहिलं मडकं फुटलं. त्याने कडेच्या सुतळीवर पाय रोवला आणि सुटला. ऑक्टोपॅडवाल्याने हात उचलले. दोन्ही चवडे खडूच्या पावलांवर टेकले, टाचा हलक्या खाली आल्या, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेतच वाकले, आत पडले नाहीत. उजवा खांदा खाली गेला, तिरपी लोळण, आणि त्याच झोकात उभं राहून एक हात टेकवत तो कठड्यापलीकडे. फळीवर जेमतेम एक दबका आवाज झाला. तो निघून गेल्यावर माइकमध्ये गुंडांच्या धापा सुरू झाल्या आणि मग शिट्ट्या आल्या. मागच्या खुर्च्यांवरून "वन्स मोअर" आला. दहा मीटरची उडी दाखवणारा सिनेमा या सगळ्यांच्या खिशात आहे, तरी दोन मीटरच्या उडीला त्यांनी दाद दिली, कारण ती त्यांनी पायापासून पाहिली.

रात्री सव्वादोन

अंक संपला, माझं काम संपलं. मंचामागे मंडळाचे अध्यक्ष चहा घेऊन आले. पुढच्या वर्षीच्या नाटकातला पाठलागही मीच बसवावा असं म्हणाले. मी त्यांच्यापुढे एक मागणी ठेवली, आणि ती प्रत्येक गावच्या मंडळाकडे आहे.

पडदे, नट्या, वादक, रोशनाई, जाहिरात, जेवण अशी खर्चाची यादी तुम्ही करता. तीत आणखी दोन ओळी घाला, तालमीसाठी दोन जाड मॅट आणि नाटकाच्या दिवशी मंच तपासणाऱ्या माणसाचा मेहनताना. रोशनाईच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. आज बिछायतीवर बसलेली पोरं उद्या दुपारी खळ्यावर, शाळेच्या ओट्यावर, नहराच्या पुलावर हाच पाठलाग खेळणार आहेत. झाडीपट्टीत नाटक झालं की पुढचे आठ दिवस पोरांचे खेळ त्यातूनच निघतात. मंचावर त्यांनी नुसती उडी पाहिली असती, तर नुसती उडीच नेली असती. आज त्यांनी वाकलेले गुडघे आणि तिरपा खांदाही पाहिलाय. सिनेमावाल्यांना मी काही सांगू शकत नाही, पण आपल्या मंचावर काय दिसावं हे आपल्या हातात आहे.

अध्यक्षांनी वहीत दोन ओळी लिहून घेतल्या. उद्या आठवीचा तास साडेदहालाच आहे, आणि त्याआधी पावणेपाचला नहराच्या रस्त्यावर पोरंपोरी येतील. मॅट परत नेऊन शाळेत टाकायची आहे, म्हणून मी मोटरसायकल काढली.